द्यायच्या साड्यांचा कप्पा

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेतून आली तर दारात चपलांचा ढीग. नवरात्र म्हणून तीन बाया ओटी भराले आल्या होत्या. दोघी कॉलनीतल्या, त्यायचं समजलं. तिसरी कोण? शेवंताबाई म्हणे. दोन एसट्या बदलून आली. नऊ एकराची मालकीण, बोलण्यात दम. "बाईसायब, तुमची ओटी भराची म्हनून सकाळीच निघाली."

मी म्हटलं, अवं, तुमची-माझी ओळख कुठची? "तुमची नाई, साहेबाची हाये न. आमची मोजणी त्यायच्याकडं हाये. देरानं धुरा कोरून कोरून माह्या वावरातले चार तास खाल्ले, बाई." (धुरा म्हणजे बांध, अन् तास म्हणजे नांगराची ओळ.) डब्ब्यातली हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ. वरून पाया पडली. माझ्याहून मोठी बाई! मले कसंसंच झालं. डब्बा जड लागला, म्हटलं काठ भरजरी असतील.

सा. संध्याकाळी आले. (जमीन मोजणीच्या ऑफिसात सारे यायले साहेब म्हणतात, म्हणून नवऱ्याले मीही इथं सा.च लिहिते.) विचारलं, ही बाई इतक्या दुरून काहून आली? पेपरातून मान वर न करता म्हणतात, "श्रद्धा असते लोकायची." श्रद्धा आहे तर देवीची ओटी भरावी, माझी कायले?

मग दोनदा आतल्या खोलीत डोकावले. तिथं कॉलनीतल्या बाया रात्रीपर्यंत भजनाले बसल्या होत्या, म्हणून परत हॉलमध्ये. पहाटे पुण्याले निघायचं आहे, नव्या मशीनचं ट्रेनिंग, तीन आठवडे.

२८ सप्टेंबर, रविवार

आलमारी आवरली. द्यायच्या साड्यांचा कप्पा. हा कप्पा कोणाच्या घरी नसतो? आलेली साडी उघडायची नाही, डब्ब्यावर देणारीच्या नावाची चिठ्ठी टाचणीनं लावायची, अन् कोणाचं काही निघालं की पुढं ढकलायची. जिची तिलेच परत जाऊ नये एवढं पाहायचं. नणंदेले एकदा तिचीच साडी गेली, तर सहा महिने बोलली नाही.

आज पाहते तर सहा डब्ब्यायच्या टाचण्या उपटून परत लावलेल्या. साड्यांच्या घड्या उलट्या. मी तर हात लावला नाही. कामवाली त्या खोलीत जात नाही. राह्यलं कोण?

सा.ले माझ्या साड्यांत काय पाहायचं असेल बरं? वीस वर्षांत मले एक साडी पसंत करून आणली नाही या माणसानं. मग निवडून राह्यले कोणासाठी?

१ ऑक्टोबर, बुधवार

डोक्यात तेच. ऑफिसात नवीन क्लार्क बाई आली आहे म्हणे, तीस-बत्तीसची. सा.च बोलले होते, "हुशार आहे." तेव्हा लक्ष दिलं नाही.

साड्या मोजल्या. एकही कमी नाही. तरी डोक्यातून जात नाही. मेलं माझं मन! सेहेचाळीस वर्षांची बाई मी, अन् नवऱ्याच्या मागं टाचण्या मोजत फिरून राह्यली. पुण्याले फोन केला तर म्हणाले, "आलमारी आवरू नको, मी आल्यावर आवरू." कधीपासून आलमारी आवरायले लागले हे?

१२ ऑक्टोबर, रविवार

हेडमॅडमच्या पोरीचं डोहाळजेवण. सारी शाळा होती. झोपाळा, फुलायचे दागिने, पोरगी नुसती चमकून राह्यली होती. मी तिची ओटी शेवंताबाईच्या हिरव्या साडीनं भरली. हिरवीच पाहिजे होती, अन् डब्बा न उघडलेला. चिठ्ठी काढून टाकली.

राठोड मॅडम बाजूले बसल्या होत्या. आम्ही दोघी एकाच दिवशी शाळेत लागलो, बावीस वर्षं झाली. पर्यवेक्षिकेची जागा दिवाळीनंतर भरणार. एकाच दिवशी लागलेल्यांत वयानं मोठी ती सीनियर, अन् त्या आठ महिन्यांनी मोठ्या. म्हणजे जागा त्यायचीच. मी म्हटलंही, "मॅडम, पेढे तयार ठेवा." त्या हसल्या, "याडीले सांगतलं मी, तिनं तर तांड्यात वाटले बी." याडी म्हणजे त्यायची आई. मनात थोडं दुखलं, खोटं काहून लिहू. पण हक्काचं आहे ज्याचं त्याचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हेडमॅडमनं केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. बावीस वर्षांत पहिल्यांदा! दार लोटलं, अन् माझा हात हातात घेऊन म्हणतात, "काळजी नका करू. तुमचं लक्षात आहे." मी म्हटलं, माझं काय? तर डोळे मिचकावले. "साडी फार सुंदर होती."

साडीसाठी इतकं? बाईचं काहीतरी बिनसलं असेल, नाहीतर माझ्याकडून काही पाहिजे असेल. दहावीच्या पेपर तपासणीत माझं नाव टाकलं असेल गुपचूप, दुसरं काय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सा. आले. बॅग टाकली, पाणीही प्यायले नाही, सरळ आलमारीकडं. मी दारात उभी राह्यली पाहत. डब्बे वरखाली केले. घाम फुटला होता.

"ते शेवंताबाईची हिरवी कुठं आहे?"

"तुम्हाले काय करायचं साडीचं?"

"विचारलं त्याचं सांग न."

"दिली. हेडमॅडमच्या पोरीले. कोणासाठी पाहिजे होती? सांगा न, नाव सांगा तिचं!"

सा. पलंगावर बसले ते बसलेच. मले वाटलं छातीत दुखून राह्यलं. पाणी दिलं. "डब्बा उघडला होता का तू?" मी म्हटलं, आलेल्या साडीचा डब्बा कोणी उघडते का? तर माझ्याकडं अशा नजरेनं पाह्यलं, जशी काय मीच घरात चोरी केली. "खरं सांग," म्हणे.

खरं मी सांगू? वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. सा. बोलत नाहीत. माझी पर्स जागेवरून हललेली होती. पासबुक खणातून काढून पाह्यलेलं. मी त्यायच्यावर नजर ठेवते, ते माझ्यावर ठेवतात, अन् पोरगी अमरावतीहून आली ती दोघांच्या मधात बसून चिवडा खाते. "तुम्हा दोघायचं काय चालू आहे?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. नोटीस बोर्डावर सेवाज्येष्ठता यादी. पहिलं नाव माझं.

दोनदा वाचलं. राठोड मॅडमची आई आजारी होती तेव्हाची एक महिन्याची बिनपगारी रजा हेडमॅडमनं सेवाखंड म्हणून दाखवली. त्यामुळं त्या खाली, मी वर. पर्यवेक्षिका मी.

आनंद झाला. लिहून ठेवते, कारण उद्या मीच नाही म्हणीन. पोटातून आनंद झाला. बाबा असते तर! मले नोकरीले लावताना संस्थेले 'देणगी' दिली होती त्यायनं, माहीत आहे मले, पण त्यानंतरची बावीस वर्षं माझी आहेत, मी राबली आहे. राठोड मॅडम बोर्डासमोर उभ्या होत्या. "अभिनंदन," म्हणाल्या, अन् आठवीचा तास घ्यायले गेल्या.

त्या रजेचं कोणी काहून उकरलं असेल?

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी शेवंताबाई. या वेळेस हातात काही नाही. उंबऱ्यात बसली, आत येईना.

"बाईसायब, भेटलं न तुम्हाले?"

"काय?"

"साडीत होतं ते. पन्नास." मले ऐकूनही समजेना. "पन्नास हजार वं! साहेब म्हने भेटलंच नाई. म्हने खोटं बोलतं तू. मी काहून खोटं बोलू? साहेबानंच सांगतलं होतं, मी हातात कोणाचं काई घेत नाई, घरी जाय, आमच्या बाईची साडी-चोळीनं ओटी भर, डब्ब्यात ठेव. माह्या पोरानं मोजून ठेवले. आता मोजणीची तारीखच देऊन नाई राह्यले."

माय वं.

टाचण्या. उलट्या घड्या. हेडमॅडमचा चहा, यादीतलं पहिलं नाव. चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या, महालक्ष्मीच्या, अनोळखी बाया सगळ्या, मले नमस्कार करून करून गेल्या. मले वाटे माणसं यायले मानतात. अन् मी बाई दुसऱ्याच बाईचा पत्ता शोधून राह्यली होती! ती असती तर परवडलं असतं, असंही एकदा मनात आलं.

शेवंताबाईले म्हटलं, मी घेतले नाहीत, पण गेले ते माझ्याच हातानं. तिले काही समजलं नाही. "म्हंजे भेटले न तुम्हाले?" म्हणे. हो कसं म्हणू, नाही कसं म्हणू? चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी विचारलं सा.ले. भांडे घासता घासता विचारलं.

"मी हातानं कोणाचा एक रुपया घेतला का कधी? विचार गावाले."

"हात माझे होते न!"

मग सुरू झाले. पोरीची कॉलेजची फी कुठून गेली असं वाटते तुले? वरच्याले द्यावं लागते, नाही दिलं तर बदली गडचिरोली. सारेच घेतात, तुमच्या शाळेत काय होते ते सांगू का? तुझ्या बाबानं काय दिलं होतं? मी म्हटलं बाबाचं नाव घेऊ नका. "काहून नको? त्यायनं नोकरी घेऊन दिली, मी बढती घेऊन दिली. फक्त मले माहीत नव्हतं."

अन् हसले. खरंच हसले! म्हणे, जे झालं ते बरं झालं, पैसे घरातच राह्यले समज.

मी कढई आपटली. शेजारच्या घरापर्यंत आवाज गेला असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हेडमॅडमच्या केबिनमध्ये गेली. घरून वाक्य पाठ करून गेलती. मॅडम, त्या साडीत जे होतं ते चुकून आलं, मले माहीत नव्हतं, ते परत द्या अन् यादी पह्यल्यासारखी करा.

"साडीत काय होतं?"

सांगितलं. बाई चश्मा पुसत राह्यल्या. "साडी होती, मॅडम. सुंदर होती. पोरीनं नेसली पण." मग आवाज बारीक करून, "तुम्ही थकल्या वाटते. नवीन जबाबदारी आहे, होते असं. असं बोलू नका कोणाजवळ. तुमच्या साहेबायलेच त्रास होईन."

म्हणजे कुठून आलं ते बाईनं ओळखलं. आता माझं तोंड तिच्या मुठीत. मी बाहेर आली अन् पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून रडली. पोरायनं पाह्यलं असेल तर पाह्यलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अनोळखी नंबरवरून फोन. "साहेबांच्या मिसेस का?" हो म्हटलं तर कट. परत लावला तर बंद.

पेपरात रोज येते, अमक्याले सापळा रचून पकडलं. सापळ्यात बाईलेही नेतात का? साडी घेतली ती बाईनं, चिठ्ठी लावली ती बाईनं. अक्षर माझं. सगळ्या चिठ्ठ्या काढून फाडल्या. मग वाटलं, कर नाही त्याले डर कायले? पण फाडल्या.

सा. म्हणतात, शेवंताबाईनंच केला असेल फोन. मले वाटते सा.नंच कोणाकडून करवला, मी गप्प राहावी म्हणून. नवऱ्याबद्दल हे मनात येते, याचीच लाज वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

दारावर बाई. हातात डब्बा, वर नारळ. कोण म्हटलं तर शेवंताबाईची जाऊ. देराची बायको! ज्यायनं धुरा सरकवला तेही माझीच ओटी भराले आले.

दार अर्धंच उघडलं. म्हटलं, मी ओटी घेत नाही. "काहून वं बाई? सवाष्ण हाय न तुम्ही?" सोसायटीतल्या दोघी जिन्यात थांबून ऐकत होत्या. दारी आलेली ओटी परत करणारी बाई! आता कॉलनीत महिनाभर हेच चालणार, यायच्या घरात काहीतरी अशुभ घडलं म्हणतील. परत पाठवली. ती जाता जाता काहीतरी पुटपुटली, शापच असेल.

सा. आतून ऐकत होते. म्हणाले, "धंद्यावर लाथ." धंदा म्हणतात त्याले आता, तोंडानं.

त्यायले सांगितलं. शेवंताबाईची मोजणी या आठवड्यात करा, जशी आहे तशी करा, इकडची नाही तिकडची नाही. नाहीतर फाडलेल्या चिठ्ठ्यांतली नावं मले सगळी पाठ आहेत. वर्गात तीसपर्यंतचे पाढे घेते मी, पाठांतराची सवय आहे.

माझ्याकडं पाहतच राह्यले. घाबरले. मले बरं वाटलं, अन् लगेच वाईटही वाटलं. धमकी देऊनच काम करून घेतलं मीही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मोजणी झाली म्हणे काल. शेवंताबाईचा फोन आला. चार नाही, पाच तास निघाले तिच्या बाजूनं. खुंट्या ठोकल्या. खूश होती. "पैसे कामी आले बाईसायब, उगाच डाऊट घेतला मी तुमच्यावर."

किती सांगितलं तिले, पैशानं नाही झालं हे, तुमचं होतं ते तुम्हाले भेटलं. हाव हाव म्हणत राह्यली. ऐकलं नाही तिनं. तिच्या लेखी मी घेतले अन् काम केलं, म्हणून मी चांगली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बढतीचा आदेश आला. सोमवारी रुजू. हेडमॅडमनं सगळ्यांसमोर गुच्छ दिला. टाळ्या. सा.नं घरी बासुंदी आणली. मी खाल्ली नाही. नंतर थोडी खाल्ली, तेही लिहिते.

नकाराचा अर्ज लिहून पाह्यला. 'मी सदर पद स्वेच्छेने नाकारत आहे. कारण:' इथपर्यंत.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज बाजारात राठोड मॅडम भेटल्या. मेथीच्या गाड्यापाशी. टाळणारच होती मी, पण त्यायनंच हात धरला. बाजूले नेलं.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू."

मी म्हटलं विचारा. मले वाटलं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती दिले?"

मी म्हटलं मी नाही दिले. सगळं सांगणार होती. साडी, डब्बा, सगळं. पण सांगायचं कसं? सा.चं नाव घेतल्याशिवाय एक वाक्य पुढं जात नाही. त्या थांबल्या माझ्यासाठी, मग म्हणाल्या, "मले राग नाई हो. रजेचं जे दाखवलं ते खोटं हाये, ते मलेबी माहीत हाये अन् तुम्हालेबी. पण भांडून काय होते? मले फक्त अंदाज पाहिजे. पुढची जागा निघन तेव्हा माह्या कामी येईन. बावीस वर्षं सोबत हावो, तुम्ही मले खोटं नाई सांगणार."

बावीस वर्षं. मी आकडा सांगितला. पन्नास.

त्यायनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"फक्त पन्नास? मी तर समजून होती तीन-चार लाख असन, म्हनून गप्प राह्यली." तोंड एवढंसं झालं होतं त्यायचं. "पन्नास तर माह्याजवळ होते, मॅडम."

अन् पैसे देऊन, जुडी घेऊन चालल्या गेल्या. मी हाकही मारली नाही.

घरी आल्यापासून अर्ज समोर आहे. कारण लिहिलं तर सा.ची नोकरी जाते, पोरीचं कॉलेज जाते, कदाचित मीही जाते सोबत. खोटं लिहिलं, तब्येत वगैरे, तर जागा राठोड मॅडमले भेटन, पण त्या समजतील की मी घाबरली, अन् पुढच्या वेळेस त्या पन्नास घेऊन केबिनमध्ये जातील. माझ्याच सांगण्यावरून जातील. अन् काहीच नाही दिलं तर उद्या साडेदहाले मी पर्यवेक्षिका.

सा.नं दोनदा येऊन पाह्यलं काय लिहून राह्यली म्हणून. मी हातानं झाकलं. कारणापुढची जागा अजून कोरी आहे.